काटा कुठे फिरवायचा ते एकदा ठरवा: डीजीसीए आणि विमानतळ प्राधिकरणाला नागपुरातून खुले पत्र

प्रति,
महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए)
आणि
अध्यक्ष, भारतीय विमानतळ प्राधिकरण
नवी दिल्ली

महोदय,

मागणी आधीच सांगून टाकतो, कारण सरकारी टेबलावर पत्राचा दुसरा परिच्छेद वाचला जाईलच याची खात्री नसते. हिमालयातले विमानतळ वगळून बाकी सगळ्या देशात ट्रान्झिशन अल्टिट्यूड, म्हणजे चढताना उंचीच्या काट्याचा दाब बदलायची उंची, एकच करा आणि ती १०,००० फूट ठेवा. आणि दाब नि उंची रेडिओवर सांगण्याचे शब्द पुस्तकात एक, हवेत दुसरे असे चालू देऊ नका. ते परीक्षेत कानाने तपासा.

मी नागपुरात वैमानिक व्हायला निघालेल्या मुलामुलींना एअर रेग्युलेशन आणि आरटी, म्हणजे हवाई नियम आणि रेडिओवरचे बोलणे, शिकवतो. या पत्राची इंग्रजी प्रत टपालाने तुमच्याकडे येते आहे. मराठीत लिहिले ते इथल्या लोकांसाठी. त्यांच्या डोक्यावरून दिवसरात्र विमाने जातात, त्यांची पोरे कर्ज काढून या धंद्यात उतरताहेत, आणि हा विषय त्यांना कोणी उलगडून सांगत नाही. त्यामुळे तुम्हाला पाठ असलेल्या काही गोष्टी खाली पुन्हा येतील, तेवढे चालवून घ्या.

तर राजेहो, विमानातला अल्टिमीटर उंची मोजतच नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंचीचा अंदाज बांधतो. आत हवा काढून बंद केलेली पातळ पत्र्याची डबी असते. वर जाल तसा बाहेरचा दाब घटतो, डबी फुगते, काटा सरकतो. अडचण अशी की जमिनीवरचा दाबही रोज बदलतो. म्हणून तबकडीवर एक छोटी खिडकी आणि खाली एक घुंडी असते. घुंडी फिरवून त्या खिडकीत आजचा दाब लावायचा. ही सोय पॉल कोल्समन यांची. १९२९ साली जिमी डूलिटल यांनी बाहेरचे काहीही न बघता निव्वळ उपकरणांवर विमान उडवून उतरवून दाखवले, तेव्हा त्या विमानात कोल्समन यांचाच अल्टिमीटर होता. तेव्हापासून आजच्या काचेच्या पडद्यांपर्यंत उपकरणाचे रूप बदलले, तत्त्व तेच राहिले. आणि दाब लावायला एक हेक्टोपास्कल (दाब मोजायचे एकक) चुकला की काटा साधारण २८ फुटांनी खोटे बोलतो, हा हिशेबही तोच राहिला.

स्थानिक दाब समुद्रसपाटीच्या हिशेबाने काढला की त्याला क्यूएनएच म्हणतात. तो लावला तर सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाचा काटा हजार फुटांच्या थोडा वर दिसतो, कारण विमानतळच समुद्रसपाटीपासून तेवढा उंच आहे. पण दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या विमानाने वाटेतल्या प्रत्येक गावाचा दाब विचारत बसावे का? म्हणून वर गेल्यावर जगभरची सगळी विमाने एकच आकडा लावतात, १०१३.२५. त्याने खरी उंची कळत नाही, पण शेजारच्या विमानाचा काटाही तेवढाच चुकलेला असतो, म्हणून दोघांतले अंतर कायम राहते. दोघांची घड्याळे सारखीच दहा मिनिटे मागे असली तर भेट चुकत नाही, तसे. या वरच्या उंचीला फ्लाइट लेव्हल म्हणतात. चढताना स्थानिक दाब सोडून १०१३ लावायची जागा म्हणजे ट्रान्झिशन अल्टिट्यूड, आणि उतरताना १०१३ सोडून स्थानिक दाब लावायची जागा म्हणजे ट्रान्झिशन लेव्हल. एवढेच सगळे प्रकरण.

आता नागपूरकडे या. थंडीत आमच्याकडे क्यूएनएच १०१५ च्या आसपास रेंगाळतो. उन्हाळा तापत जातो तसा तो खाली येतो, आणि बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा विदर्भावरून सरकू लागला की हजाराच्याही खाली उतरतो. समजा तो ९९८ आहे. १०१३ पासून पंधराचा फरक, म्हणजे सव्वाचारशे फुटांच्या जवळपास. देशातल्या सपाटीवरच्या कितीतरी विमानतळांवर ट्रान्झिशन अल्टिट्यूड ४,००० फूट आहे. अशा ठिकाणी एक विमान ४,००० फुटांवर स्थानिक दाबाने उडते आहे आणि दुसरे फ्लाइट लेव्हल ५० वर, म्हणजे १०१३ लावून ५,००० फुटांवर. कागदावर दोघांत हजार फूट आहेत. खरे अंतर सहाशेही भरत नाही. म्हणून कंट्रोलरला अशा दिवशी ट्रान्झिशन लेव्हल वर ढकलावी लागते, मधले मजले रिकामे सोडावे लागतात, आणि तेही नेमके ढग, वळसे आणि पावसाने रेडिओ गजबजलेला असताना.

कॉकपिटमध्ये काय चालते ते बघा. सोनेगावहून निघालेले जेट मिनिट-दीड मिनिटात ४,००० फुटांवर पोचते. त्या तेवढ्या वेळात चाके आत, फ्लॅप आत, टॉवर सोडून अप्रोचची फ्रीक्वेन्सी, वळण, वेग, चेकलिस्ट. आणि त्यातच घुंडी फिरवून १०१३. उतरतानाही तसेच. धावपट्टी जवळ येत असते, तेव्हाच दाब बदलायचा. विमान जमिनीच्या सर्वांत जवळ आणि माणसे सर्वांत कामात, त्या क्षणी आपण त्यांना घुंडीला हात घालायला लावतो. दहा हजारांवर हेच काम केले तर हाताशी चार निवांत मिनिटे असतात.

दहाच हजार का, हेही सांगतो. ट्रान्झिशनच्या खाली स्थानिक दाब असतो, म्हणजे काट्याची उंची डोंगरांच्या नकाशावरच्या उंचीशी थेट ताडून बघता येते. वर गेल्यावर ते जमत नाही. नागपूरच्या उत्तरेला सातपुडा आहे. पचमढीजवळचे धूपगड १,३५० मीटर, म्हणजे ४,४२९ फूट. ४,००० ची रेघ ओलांडून, १०१३ लावूनच विमान या डोंगरांवरून जाते. कमी दाबाच्या दिवशी काटा दाखवतो त्यापेक्षा ते चारशे फुटांनी खाली असते. मोठ्या जेटला याचे काही नाही, ते तीस हजारांवर असते. सहा-साडेसहा हजारांवरून जाणाऱ्या छोट्या विमानाला आहे. नियमात डोंगरावर राखायचे अंतर आहे म्हणून आजवर निभावते, हे मान्य. पण ते अंतर संकटासाठी राखलेले असते, नेमाने चुकणाऱ्या काट्यासाठी नव्हे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाई ५,४०० फूट, अरवलीतले गुरुशिखर ५,६५० च्या आसपास, आणि दक्षिणेतले सगळ्यांत उंच अनाईमुडी २,६९५ मीटर, म्हणजे ८,८४२ फूट. दहा हजारांची रेघ ओढली की हिमालय आणि ईशान्येकडची उंच रांग सोडून देशातला प्रत्येक डोंगर तिच्याखाली येतो.

जगाकडे बघून धडा घ्यायचा तर जगातही गोंधळच आहे. अमेरिका आणि कॅनडात एकच रेघ, १८,००० फूट. जपानमध्ये १४,०००. न्यूझीलंडमध्ये १३,०००. काठमांडूला डोंगरांमुळे साडेतेरा हजार. युरोपात विमान दर तासाला देश बदलते आणि रेघही बदलते, कुठे ३,०००, कुठे ५,०००. त्यांनी एकच रेघ करायचे मनावर घेतले, ब्रिटनने तर १८,००० ची योजनाही आखली, आणि ती मागे पडली. मला ऑस्ट्रेलियाचा नमुना आपल्यासाठी बरा वाटतो. तिथे रेघ १०,००० वर आहे, आणि तिथला सर्वांत उंच कोशियस्को ७,३१० फुटांचा. खालून जाणाऱ्या छोट्या विमानांसाठी देशाचे विभाग पाडले आहेत आणि प्रत्येक विभागासाठी हवामान खाते एकच क्यूएनएच जाहीर करते. आपल्याकडे हवामान खात्याची यंत्रणा आहे, विभाग पाडणे अवघड नाही. विदर्भ नि छत्तीसगडला एक आकडा दिला तर गोंदियाहून नागपूरला येणारा शिकाऊ वैमानिक वाटेत कुणाचा दाब लावायचा या विचारात पडणार नाही.

आक्षेपही मला माहीत आहेत. रेघ वर नेली की क्यूएनएच सांगण्याचे कंट्रोलरचे काम वाढते, थांबवून ठेवलेल्या विमानांची रांग स्थानिक दाबात येते, दोन विभागांच्या सीमेवर आकडा बदलतो. यातला पहिला आक्षेप खरा आणि वजनदार आहे. दाब जितक्यांदा तोंडी सांगावा तितक्यांदा तो चुकीचा सांगितला जाण्याची शक्यता. म्हणूनच या पत्रात रेघ आणि शब्द या दोन्ही गोष्टी एकत्र मागतो आहे. शब्द न सुधारता नुसती रेघ हलवलीत तर मीच उद्या विरोधात पत्र लिहीन.

२३ मे २०२२, पॅरिस, शार्ल द गॉल विमानतळ. एअरबस ए३२० पावसात, ढगांतून उतरत होते. धावपट्टीकडे वाट दाखवणारा आयएलएसचा रेडिओ किरण नव्हता. जीपीएस आणि दाबावरच्या उंचीच्या भरवशावर उतरायची पद्धत चालू होती. खरा क्यूएनएच १००१. कंट्रोलरने सांगितला १०११. वैमानिकांनी १०११ नीट वाचून परत सांगितला, म्हणजे रीडबॅक अगदी नियमाप्रमाणे झाला, आणि चूक जशीच्या तशी पक्की झाली. त्याच कंट्रोलरने त्याच सुमारास एअर फ्रान्सच्या विमानाला फ्रेंचमध्ये १००१ हा बरोबर आकडा दिला होता. दहा हेक्टोपास्कल, म्हणजे २८० फूट. पडद्यावर सगळे जागच्या जागी दिसत होते आणि विमान खरोखर २८० फूट खाली होते. धावपट्टी अजून दीड किलोमीटर पुढे असताना ते जमिनीपासून ६ फुटांवर आले. सहा फूट! वैमानिकांना धावपट्टी दिसेना म्हणून त्यांनी विमान वर उचलायला घेतले होते, तेवढ्याने सगळे वाचले. तिथे निष्काळजी कोणीच नव्हते. एक अंक जिभेवर घसरला, आणि तो पकडायला पुढे दुसरे जाळे नव्हते.

आपल्याकडे मोसमात आकडा हजाराच्या अलीकडे-पलीकडे खेळतो. ९९८, १००१, ९९६, १००२. कधी तीन अंकी, कधी चार अंकी. भर घाला अमेरिकी सवयीची, जिथे दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, २९.९२ वगैरे. ‘नाइनर नाइनर टू’ (रेडिओवर नऊला ‘नाइनर’ म्हणतात) एवढेच ऐकले तर ते ९९२ हेक्टोपास्कल की २९.९२ इंच? दोहोंत एकवीस हेक्टोपास्कलचा, म्हणजे सुमारे सहाशे फुटांचा फरक. ब्रिटनचा नियम असा आहे की दाब हजाराच्या खाली असला की आकड्यानंतर ‘हेक्टोपास्कल’ हा शब्द उच्चारायचाच. आमच्याकडे तो घाईत गळतो. एका शब्दाला अर्धा सेकंद लागतो, तेवढा वेळ सगळ्यांकडे आहे.

उंचीच्या शब्दांची कथा याहून वाईट. १९ फेब्रुवारी १९८९ ला फ्लाइंग टायगर कंपनीचे मालवाहू बोइंग ७४७ सिंगापूरहून क्वालालंपूरला उतरत होते. कंट्रोलरला म्हणायचे होते २,४०० फुटांपर्यंत या. त्याने म्हटले ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’. ‘टू’ हा आकडा होता. कॉकपिटमध्ये तो ‘पर्यंत’ या अर्थाने ऐकला गेला आणि ४०० फुटांपर्यंत उतरायचे असे समजून उत्तर गेले. ते उत्तर कोणी अडवले नाही. विमान ४३७ फुटांवर टेकडीला धडकले, चौघेही गेले. कंट्रोलरने ‘टू थाउजंड फोर हंड्रेड’ म्हटले असते तर? नियमात तेच लिहिलेले आहे. फ्लाइट लेव्हलच्या आधीचा, ‘पर्यंत’ या अर्थाचा ‘टू’ तर ब्रिटनने काढूनच टाकला, आणि ‘वन झीरो झीरो’ ऐवजी ‘वन हंड्रेड’ म्हणायला लावले, म्हणजे १०० नि ११० यांत गल्लत नको.

आणि हरियाणातले चरखी दादरी. १२ नोव्हेंबर १९९६. सौदी अरेबियाचे ७४७ वर चढत होते, १४,००० ची परवानगी. कझाकस्तानचे इल्युशिन ७६ खाली येत होते, १५,००० वर थांबायचे. ते थांबले नाही. ३४९ माणसे गेली, हवेत दोन विमाने धडकून याहून मोठा संहार जगात दुसरा झालेला नाही. न्यायमूर्ती लाहोटी आयोगापुढे जे आले त्यातली एक बाब मी दर वर्षी वर्गात सांगतो. कझाक विमानात इंग्रजी बोलण्याचे काम रेडिओ ऑपरेटर करत होता, आणि त्याच्यापुढे स्वतःचा अल्टिमीटर नव्हता. ज्याच्या कानावर आकडा पडत होता त्याच्या डोळ्यांपुढे काटा नव्हता, आणि ज्यांच्यापुढे काटा होता ते मीटर मोजण्याच्या सवयीत वाढलेले. त्यानंतर टक्कर टाळणारे यंत्र आपण विमानांत सक्तीचे केले, दिल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटा वेगळ्या केल्या. चांगले केले. बोलण्याची बाजू मात्र तेवढ्या जिद्दीने कोणी हाती घेतली नाही.

वर्गात काय दिसते ते सांगतो. आमच्याकडचे पोट्टे हुशार आहेत, पण ‘रॉजर’वर भागवतात. ‘रॉजर’चा अर्थ तुमचा निरोप मिळाला, एवढाच. मान्य केला, पाळतो, असे त्यात काही नाही. क्यूएनएच, उंची, धावपट्टी, हेडिंग (विमानाची दिशा), स्क्वॉक (रडारसाठीचा संकेतांक) हे सगळे आकड्यासकट परत म्हणायचे असते. मग पोरे सांगतात, ‘सर, बाहेर तर सगळे असेच बोलतात.’ यावर माझ्यापाशी उत्तर नसते, कारण स्कॅनरवर मीही ऐकतो. सुरुवातीला ‘नमस्कार’ म्हणण्याला माझा विरोध नाही, तेवढी माणुसकी रेडिओवर असू द्यावी. पण नमस्कारानंतरचे वाक्य पुस्तकातलेच हवे. अमेरिकेने वर्षानुवर्षांची ‘पोझिशन अँड होल्ड’ सोडून सप्टेंबर २०१० मध्ये जगाची ‘लाइन अप अँड वेट’ (धावपट्टीवर या आणि थांबा) स्वीकारली. एवढा मोठा देश एका वाक्यासाठी सवय मोडतो, मग आपल्याला काय झाले?

परीक्षेचे बघा. रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची, म्हणजे आरटीआरची, परीक्षा इतकी वर्षे दूरसंचार विभाग घेत होता. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ ने ती आता डीजीसीएकडे आली. ही संधी आहे, महोदय. आजवर पोरे समोरासमोर बसून, शांत खोलीत, पाठ केलेले संवाद म्हणत आली. नव्या परीक्षेत त्यांना ध्वनिमुद्रण ऐकवा. खरखर असू द्या, दोन स्टेशने एकमेकांवर बोलू द्या, एकाच कंपनीची शेवटचे दोन अंक उलटसुलट असलेली कॉलसाइन (विमानांची रेडिओवरची नावे) असू द्या, आणि मधेच एक चुकीचा क्यूएनएच घाला. जो विद्यार्थी ‘कन्फर्म’ विचारतो तो पास. जो गुळगुळीत रीडबॅक देऊन मोकळा होतो, त्याला पुन्हा बोलवा. पॅरिसच्या वैमानिकांचा रीडबॅकही गुळगुळीतच होता.

कंट्रोलरच्या बाजूलाही जाळे हवे. मोड एस ट्रान्सपॉन्डर (रडारला आपोआप उत्तर देणारे यंत्र) असलेल्या विमानाकडून वैमानिकाने कोणती उंची निवडली आणि कोणता दाब लावला हे रडारला विचारता येते. ब्रिटनमध्ये ही माहिती कंट्रोलरच्या पडद्यावर आणून, दाब जुळला नाही की इशारा देण्याची सोय केलेली आहे. मुंबई-दिल्लीत असे काही बसवाल तेव्हा नागपूर यादीत खाली टाकू नका. इथे वायुदल आहे, शिकाऊ विमाने आहेत, मिहानमध्ये दुरुस्तीला येणारी विमाने आहेत, आणि डोक्यावरून दिल्ली-हैदराबाद नि मुंबई-कोलकाता या वाटा एकमेकींना छेदतात. २७ ऑगस्ट २०२१ ला मस्कतहून ढाक्याला निघालेल्या बिमान बांगलादेशच्या विमानातल्या कॅप्टनला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा ते विमान नागपुरातच उतरले. ऐन पावसाळ्यात, ठरवून न आलेला परदेशी पाहुणा, कॉकपिटमध्ये एकटा उरलेला वैमानिक. त्याला दाब नि उंची सांगणारे वाक्य एकदाच आणि स्वच्छ जायला हवे.

नागपूरला हे काम नवेही नाही. ३० जानेवारी १९४९ पासून १९७३ पर्यंत रात्रीची हवाई टपाल सेवा इथून चालायची. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांनी विमाने मध्यरात्री सोनेगावला यायची, पिशव्यांची अदलाबदल करून परत निघायची. सुरुवातीच्या काळात रडार कुठले! विमाने एकमेकांपासून वेगळी ठेवायची ती वेळेने आणि उंचीने, रेडिओवरच्या शब्दावर विसंबून. देशाच्या मधोमध असल्याचा अभिमान आम्ही झिरो माइलच्या दगडापाशी फोटो काढून मिरवतो. त्यापेक्षा प्रयोगाची पहिली जागा व्हायला मिळाले तर जास्त आवडेल. नागपूर आणि गोंदिया इथे सहा महिने १०,००० ची रेघ चालवून बघा, रीडबॅकच्या ध्वनिमुद्रणांची तपासणी करा, आणि निष्कर्ष नावे वगळून सगळ्यांसाठी जाहीर करा. कंट्रोलरला शिक्षा होणार असेल तर तो चूक लपवील, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

शेवटचे, तारखेबद्दल. बदल जून-जुलैत अमलात आणू नका, दाब तेव्हा खाली असतो आणि ढग वर. जानेवारीही नको, उत्तरेत धुके असते. फेब्रुवारी संपता संपता येणारी एआयआरएसी तारीख (असे बदल अमलात आणायची, दर २८ दिवसांनी येणारी ठरलेली तारीख) धरा, आणि सूचना निदान दोन सायकल आधी काढा. वैमानिकांना सराव करायला वेळ मिळेल, आणि मला वर्गातले तक्ते नव्याने छापून घेता येतील.

आपला,
आरटी शिकवणारा एक मास्तर
नागपूर